भांडण कुठंही पेटो, आमची इचलकरंजीची गाडी थांबवू नका

प्रति,
मा. परिवहन मंत्री, कर्नाटक राज्य, बेंगळूर
मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय: भाषेच्या वादाच्या वेळी हद्दीवरच्या छोट्या पल्ल्याच्या बसगाड्या बंद न करण्याबाबत.

महोदय,

हे पत्र तुम्हा दोघांना मिळून लिहिते आहे, कारण ही गोष्ट एकट्याच्या हातातली नाही. एकानं गाडी सोडली आणि दुसऱ्यानं ती हद्दीवर अडवली, की आम्ही वाटेतच. मी कर्नाटकातल्या निपाणी तालुक्यातली शेतकरीण आहे. दूधगंगेच्या काठाला आमचं रान आहे. त्यात ऊस आहे आणि विहिरीजवळच्या तुकड्यात मी भाजी करते. ती हद्दीपलीकडे, महाराष्ट्रातल्या इचलकरंजीच्या बाजारात बसून विकते. गावाचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. कारदगा, बोरगाव, माणकापूर, मांगूर, बारवाड, भोज, बेडकिहाळ, यांतलं कुठलंही घाला, पत्रातला एक शब्दही बदलावा लागणार नाही.

मागणी आधी सांगते. बेळगाव, पुणे, बेंगळूर किंवा आणखी कुठं भाषेवरून भांडण पेटलं की दोन्ही राज्यं एकमेकांकडे जाणाऱ्या गाड्या बंद करतात. लांब पल्ल्याच्या गाड्यांचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, त्यातलं मला कळत नाही. पण हद्दीच्या अल्याडपल्याड वीस-पंचवीस किलोमीटरांत फिरणाऱ्या ज्या गाड्या आहेत, निपाणी, इचलकरंजी, कागल, कुरुंदवाड आणि मधली खेडी जोडणाऱ्या, त्या बंद करू नका. अगदीच नाइलाज झाला तर आपापली गाडी हद्दीपर्यंत आणा आणि पलीकडच्या गाडीची वेळ जुळवून द्या. आम्ही हद्द चालत ओलांडू.

ही मागणी तुम्हाला किरकोळ वाटू नये म्हणून आमच्या गावाची रीत सांगते.

आमचं गाव सपाटीवरचं. दूधगंगा आणि वेदगंगा या दोन नद्यांच्या खोऱ्यातली काळी कसदार जमीन, नजर पोचेल तिथवर ऊस, आणि उसाच्या वर दिसणारी जैन बस्तीची आणि मारुतीच्या देवळाची शिखरं, मशिदीचा मिनार. एके काळी या रानात तंबाखू होता. १९८१ साली तंबाखूच्या दरासाठी निपाणीजवळ शेतकरी आठवडेच्या आठवडे महामार्गावर बसले, एप्रिलमध्ये गोळीबार झाला, माणसं गेली. आमच्याकडची वडीलधारी माणसं ते दिवस अजून सांगतात. पुढं नदीचं पाणी पाइपलाइनीनं वर चढलं, तंबाखू मागं सरला आणि ऊस आला. दिवाळीनंतर तोडीच्या टोळ्या येतात, गावाबाहेर कोप्या पडतात, रात्रभर ट्रॅक्टरांचा आवाज असतो. उन्हाळ्यात तीन फेजची वीज ज्या वेळेला येईल त्या वेळेला उठून पाणी पाजायला जायचं. पावसाळ्यात नदीकडे डोळे लावून बसायचं. असं वर्ष जातं.

गावात काय आहे? मराठी शाळा आहे, कन्नड शाळा आहे, सोसायटी, डेअरी, बँकेची शाखा, खताचं दुकान, पिठाची गिरणी, आरोग्य केंद्र. काय नाही? कॉलेज नाही, मोठा दवाखाना नाही, माल खपवायला बाजार नाही, पोरांच्या हाताला शेतीशिवाय काम नाही. गावाला जे नाही ते सगळं गाडीच्या दुसऱ्या टोकाला आहे. आणि आमच्या बऱ्याच गाड्यांचं दुसरं टोक पलीकडच्या राज्यात आहे. हे आम्ही ठरवलेलं नाही. इचलकरंजी जवळ आहे म्हणून आम्ही इचलकरंजीला जातो.

पहाटे मुक्कामी गाडी सुटते, निपाणीची. आदल्या रात्री शेवटची फेरी करून ती देवळापुढं उभी असते. ड्रायव्हर आणि मास्तर, म्हणजे कंडक्टर, शेजारच्या खोलीत झोपतात. त्यातला एखादा गदगकडचा असतो, एखादा विजयपूरकडचा, मराठी त्यांना जेमतेम येते. गल्लीतल्या बायका त्यांना भाकरी आणि कालवण पोचवतात, "ऊट आतेन्री", म्हणजे जेवण झालं का, एवढं कन्नड आम्हाला सगळ्यांनाच येतं. थंडीत पहाटे गाडी चालू होत नाही तेव्हा तरुण पोरं ढकलायला जातात. या माणसांना आमच्या गावात आजवर कुणी वाकडा शब्द बोललेला नाही. हे मी पुढं पुन्हा काढणार आहे, म्हणून आत्ताच लिहून ठेवते.

मग सहाच्या सुमारास पलीकडची गाडी येते, इचलकरंजीची. तिच्यात आधी आम्ही भाजीवाल्या चढतो. मेथी, कोथिंबीर, पोकळा, वांगी, गवारी, हंगामाप्रमाणं घेवडा. पालेभाजी आदल्या संध्याकाळी काढायची, पेंढ्या बांधायच्या, ओल्या किलतानात, म्हणजे गोणपाटात, गुंडाळून ठेवायच्या आणि सकाळी पहिल्या गाडीनं बाजार गाठायचा. दहाच्या आत विकली तर भाव. दुपारनंतर कोथिंबीर मान टाकते, दुसऱ्या दिवशी मेथी पिवळी पडते, ती मग म्हशीपुढं टाकायची. उसाचं बिल वर्षातून एकदा येतं आणि ते सोसायटीच्या कर्जात वळतं होतं. घरचं मीठ-मिरची, पोरांची वही-पेन्सिल, सासूबाईंची बीपीची गोळी हे सगळं या भाजीच्या पैशावर चालतं. आमच्या गावात ज्या बाईच्या हातात स्वतःचा रोजचा पैसा आहे, तिच्याकडं म्हैस तरी आहे किंवा ती या गाडीनं तरी जाते.

आमच्यामागं यंत्रमागावर जाणारी पोरं आणि कांडी भरायला जाणाऱ्या बाया चढतात. पाळी बदलायच्या आत पोचलं नाही तर मालक दुसरं माणूस लावतो. मग गणवेशातली मुलं. आमची पोरं सातवीपर्यंत गावात, फार तर दहावीपर्यंत जवळपास शिकतात. पुढं मराठीतून शिकायचं तर पलीकडे जावं लागतं, आयटीआय आणि डिप्लोमालाही बरीच पोरं तिकडंच आहेत. आणि सगळ्यांत शेवटी, गर्दी आत सरकली की, हळूच चढतात आजारी माणसं. कुणी सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, जायचं म्हणून इचलकरंजीला गाडी बदलणार असतं, कुणाच्या हातात एक्स-रेची पिशवी असते, कुणाबरोबर गरोदर सून असते. त्यांना जागा द्यायची हे गाडीत सांगावं लागत नाही.

सुना-मुलींचं तर विचारूच नका. माझं स्वतःचं माहेर हुपरीजवळचं. गल्लीतल्या अर्ध्या सुना रेंदाळ, पट्टणकोडोली, दत्तवाड, कुरुंदवाडकडच्या आहेत आणि आमच्या मुली तिकडच्या घरांत नांदतात. मामाच्या घरचं बारसं असो की मावशीचा दिवस, गाडी तीच. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाला आणि आप्पाचीवाडीच्या हालसिद्धनाथाला दोन्ही राज्यांतली माणसं भंडाऱ्यानं पिवळी होऊन परततात. मार्गशीर्षात कोल्हापूरकर एसट्या भरून सौंदत्तीला यल्लम्माकडे जातात, आमच्याच रस्त्यानं. तेव्हा तुमची दोन्ही महामंडळं जादा गाड्या सोडतात. म्हणजे मनात आलं तर दोघांना मिळून गाड्या नीट चालवता येतात, हे आम्ही दरवर्षी बघतो.

आता गेल्या काही वर्षांत काय झालं ते. ६ डिसेंबर २०२२ ला बेळगावजवळ हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले. पुण्यात कर्नाटकच्या बसना काळं फासलं गेलं. गाड्या बंद. २१ फेब्रुवारी २०२५ ला बेळगाव तालुक्यात बसमध्ये भाषेवरून वाद होऊन कंडक्टरला मारहाण झाली. त्याच रात्री चित्रदुर्गकडं महाराष्ट्राची बस अडवून ड्रायव्हरच्या तोंडाला काळं फासलं गेलं. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्रानं कर्नाटकात जाणाऱ्या गाड्या थांबवल्या. चित्रदुर्ग आमच्या गावापासून साडेतीनशे किलोमीटरांहून जास्त लांब आहे. आमच्यातल्या कुणी ते गाव बघितलेलं नाही. पण त्या सकाळी भाजीच्या पाट्या घेऊन आम्ही थांब्यावर उभ्या होतो आणि गाडी आली नाही.

कुणी कळवलं नव्हतं. आठ वाजता एका पोरानं मोबाइलवर बातमी वाचून दाखवली. तोवर वडापवाल्यांनी, म्हणजे खाजगी जीपगाड्या चालवणाऱ्यांनी, ओळखलं होतं. नेहमीच्या तिकिटाच्या दुप्पट-तिप्पट मागायला लागले, आणि पाटीचे वेगळे. ज्यांना परवडलं त्या गेल्या. मी माल गावातच एका व्यापाऱ्याच्या टेम्पोत घातला, त्यानं बाजारभावाच्या निम्म्यानं घेतला. त्याचीही चूक म्हणणार नाही, त्याला माहीत होतं की मला दुसरी वाट नाही. मागावरच्या बायांचा खाडा झाला. त्यांना रोज भरेल तेवढ्या कामाचे पैसे मिळतात, खाड्याचे कोण देणार?

तेव्हा महाराष्ट्राची बारावीची परीक्षा चालू होती, ११ फेब्रुवारीपासून. दहावीची परीक्षा तर २१ तारखेलाच सुरू झाली होती. पलीकडं शिकणाऱ्या आमच्या पोरींना त्यांच्या वडिलांनी, चुलत्यांनी मोटरसायकलीवर तिघी-तिघी बसवून पेपरला पोचवलं. ज्यांच्या घरी मोटरसायकल नव्हती त्या पोरी आदल्या दिवशीच पलीकडच्या पाहुण्यांकडं राहायला गेल्या. आणि महिन्याभरानं, २२ मार्चला, कर्नाटक बंदची हाक आली. आदल्याच दिवशी एसएसएलसी, म्हणजे कर्नाटकची दहावीची परीक्षा, सुरू झाली होती. बंदच्या दिवशी कुठली गाडी येणार आणि कुठली नाही हे आदल्या रात्रीपर्यंत आम्हाला कुणीही सांगू शकलं नाही. परीक्षा असलेल्या घरात अशी रात्र कशी जाते हे तुम्ही आपापल्या घरात आठवून बघा.

आमच्या गल्लीत एक काका डायलिसिसवर आहेत. आठवड्यातले वार ठरलेले, कोल्हापूरचा दवाखाना ठरलेला. डायलिसिस पुढं ढकलता येत नाही. एक वार चुकला की अंगावर पाणी चढतं, श्वास लागतो. गाड्या बंद झाल्या तेव्हा त्यांच्या मुलानं भाड्यानं चारचाकी केली. गेला, आला, आणि त्या एका खेपेत महिन्याभराच्या औषधाचे पैसे गेले. दुसऱ्या खेपेला शेजाऱ्यांनी वर्गणी काढली. गल्लीत माणुसकी आहे म्हणून ते निभावलं. पण दवाखान्यात जायच्या गाडीसाठी वर्गणी काढावी लागावी, ही पाळी आणणारा आजार तर नव्हता. रस्ता कोरडा होता, गाडी आगारात उभी होती, ड्रायव्हर कामावर होता.

पुरानं गाडी थांबली तर आम्ही कधी तक्रार करत नाही. पाऊस लागला की आमच्याकडचे पूल पाण्याखाली जातात: कारदगा-भोज, कुन्नूर-बारवाड, सिदनाळ-अकोळ, जत्राट-भिवशी, मलिकवाड-दत्तवाड. २००५, २०१९ आणि २०२१ ला तर घरं सोडून शाळांत राहिलो, जनावरं उंचावर नेऊन बांधली. २०१९ च्या पाण्याची खूण आमच्या पडवीच्या भिंतीवर अजून आहे. तेव्हा मी एक गोष्ट बघितली. काळम्मावाडीच्या धरणातून किती पाणी सोडलं, कोयनेतून किती, हे इकडच्या अधिकाऱ्यांना तिकडून कळत होतं, आणि दवंडी आमच्यापर्यंत येत होती. काळम्मावाडीचं धरण तर दोन्ही राज्यांच्या करारातलं आहे, त्यातल्या पाण्यात कर्नाटकचा वाटा आहे. दोन राज्यं एकमेकांना नदीचा विसर्ग कळवू शकतात, तर गाडीची वेळ का कळवू शकत नाहीत?

ऊस हद्द ओलांडतो. आमच्या कित्येकांचे शेअर पलीकडच्या मल्टिस्टेट साखर कारखान्यांत आहेत. दूध ओलांडतं, खत ओलांडतं, इचलकरंजीचं कापड ओलांडतं. भांडणाच्या दिवसांतही माल वाहणारे मार्ग काढतात, कारण त्यांच्यामागं पैसा आहे आणि फोन करायला ओळखीची माणसं आहेत. थांबतो तो फक्त तिकीट काढून जाणारा माणूस.

करोनाच्या वेळीही हेच झालं होतं, पण त्या वेळच्या बंदीला निदान कारण होतं. महामार्गावर हद्दीजवळच्या कोगनोळीच्या नाक्यावर तपासणीचा कागद दाखवल्याशिवाय सोडत नव्हते आणि आडवाटांवर मातीचे ढीग घातले होते. माझ्या आईला त्या वर्षी मी बरेच महिने बघितलं नाही. तेव्हा सोसलं, सगळं जग सोसत होतं. आता तसं काहीच नसताना का सोसायचं?

तुम्ही म्हणाल, आमच्या ड्रायव्हर-कंडक्टरांना मार बसतो, गाड्यांच्या काचा फुटतात, आम्ही गाडी कशी सोडू? ही काळजी मला खरी वाटते. मार खाणारा तो माणूसही आमच्यासारखाच कुणाच्या तरी घरचा कमावता आहे. अंगावर खाकी कपडे आहेत म्हणून त्याचं तोंड काळं करायचा हक्क कुणालाही मिळत नाही, मग तो करणारा मराठीचा झेंडा घेऊन येवो की कन्नडचा. पण हे प्रकार कुठं होतात ते बघा. महामार्गावर होतात, टोलनाक्यावर होतात, शहरातल्या स्टँडवर होतात. बारवाडच्या थांब्यावर किंवा माणकापूरच्या चौकात कुणी बस अडवून ड्रायव्हरला भाषा विचारल्याचं मी कधी ऐकलेलं नाही. म्हणून तर मुक्कामी गाडीच्या माणसांचं आधी लिहिलं. ज्या गावानं ड्रायव्हरला जेवायला घातलं आहे त्या गावात तो सुरक्षित आहे. शंका असेल तर पहिल्या फेरीबरोबर एक पोलीस द्या. ग्रामपंचायतीला सांगा, आमची पोरं थांब्यावर उभी राहतील.

आता कागदावरचं. १४ डिसेंबर २०२२ ला दिल्लीत केंद्रीय गृहमंत्र्यांनी तुमच्या दोन्ही राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना समोरासमोर बसवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येईपर्यंत कुणी कुणाच्या भागावर दावा सांगायचा नाही, दोन्हीकडचे तीन-तीन मंत्री बसून मधले प्रश्न सोडवतील, आणि प्रवासी, व्यापारी, सामान्य माणसांना त्रास होऊ नये म्हणून वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली समिती राहील, असं ठरल्याचं जाहीर झालं. ती बातमी ऐकून आम्हाला बरं वाटलं होतं. त्यानंतर दोन वर्षं आणि दोन महिन्यांनी चित्रदुर्ग झालं आणि आमची सहाची गाडी पुन्हा आली नाही. त्या तीन-तीन मंत्र्यांच्या बैठकीत सहाच्या गाडीचा विषय घ्या, एवढंच मागते.

आणि दुसरं, ते जास्त पक्कं आहे. एका राज्याची बस दुसऱ्या राज्यात चालते ती मेहरबानीवर चालत नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ८८, त्याखाली दोन राज्यांत करार होतो. कुठल्या मार्गावर चालायचं ते त्यात ठरतं. त्या कराराचा प्रस्ताव दोन्ही सरकारांना आपापल्या राजपत्रात आणि त्या भागातल्या प्रादेशिक भाषेतल्या वर्तमानपत्रात छापावा लागतो आणि लोकांना म्हणणं मांडायला मुदत द्यावी लागते. माझ्या पुतण्यानं कायद्याचं पुस्तक आणून हे मला वाचून दाखवलं. मग माझं म्हणणं हे घ्या: पुढच्या वेळी हा करार कराल किंवा त्याला पुरवणी जोडाल तेव्हा हद्दीलगतच्या छोट्या मार्गांची वेगळी यादी करा. त्या यादीतल्या गाड्या वरून आलेल्या एका फोनवर बंद होऊ नयेत. त्या बंद करायच्याच असतील तर बेळगाव आणि कोल्हापूर या दोन जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांनी एकमेकांशी बोलून, त्या मार्गावर खरोखर धोका आहे असं लिहून, मगच बंद कराव्यात. आणि आदल्या संध्याकाळी ग्रामपंचायतीला कळवावं. पंचायतीच्या भोंग्यावरून सांगितलं तरी पुरे, मी त्या दिवशी मेथी काढणार नाही, रानातच ठेवीन. रानातली मेथी एक दिवस थांबते.

हद्दीपर्यंत गाडी आणून प्रवासी बदलायची सोयही नवी नाही. महामार्गावर भांडणाच्या दिवसांत कागलकडून एक गाडी येते, कोगनोळीकडून दुसरी, आणि माणसं मधला टप्पा ओलांडतात. लांबच्या प्रवाशांना ही सोय मिळते. आमच्या आतल्या रस्त्यांना मात्र कुणी देत नाही, कारण आतल्या रस्त्यावर किती माणसं आहेत हे मोजायला कुणी आलेलं नाही. या. सकाळी सहाला या. आम्ही जागा देतो.

सवलतींचं थोडक्यात लिहिते. महाराष्ट्रानं १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट केलं, कर्नाटकानं ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत फुकट केलं. दोन्हींनी आमच्यासारख्यांचं भलं झालं, मी मनापासून आभार मानते. पण गाडीच नसेल तर फुकट तिकिटाचं आणि अर्ध्या तिकिटाचं काय करायचं? त्या दिवशी वडापवाला पूर्ण घेतो, आणि वर पाटीचे घेतो.

आता कुणी विचारेल, तू मराठी बाई, सीमाप्रश्नावर तुझं काय? माझं मत आहे आणि ते मी लपवत नाही. आमच्या घरात १ नोव्हेंबर १९५६ ही तारीख, आमचा भाग आजच्या कर्नाटकात घातला गेला ती, लहानांनाही माहीत आहे. १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना फुलं वाहायला आमच्या गावातून माणसं निपाणीला जातात, मीही गेले आहे. महाराष्ट्रानं २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा घातला, त्याच्या निकालाची वाट बघण्यात आमच्यातली किती तरी माणसं गेली. जमिनीचा उतारा मला वाचता येत नाही, पंचायतीची नोटीस दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागते, गाडीवरची पाटी मराठीत नाही, हे मला टोचतं. त्या मागण्या मी सोडलेल्या नाहीत. पण उतारा मराठीत मागायलाही मला आधी तालुक्याला जावं लागतं, आणि ते गाडीनंच. माझ्या भाषेसाठी म्हणून कुणी गाडी बंद पाडली तर घरी बसते ती मीच.

म्हणून संघटनांच्या पुढाऱ्यांनाही, दोन्हीकडच्या, याच पत्रातून हात जोडून सांगते. मोर्चा काढा, धरणं धरा, निवेदनं द्या, आमच्यातलेही येतील. फक्त बसला हात लावू नका. मोर्चा ज्यांच्यासाठी म्हणता ती माणसं त्या बसमध्ये बसलेली असतात.

कर्नाटकच्या मंत्रिमहोदयांना एक वेगळी ओळ. हे पत्र मी मराठीत लिहिलं आहे. मला कन्नड बोलता येतं, लिहिता येत नाही. आपल्या राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणं आपलं गाऱ्हाणं राज्यात किंवा देशात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत सरकारपुढं मांडता येतं, म्हणून ते तसंच पाठवते आहे. उत्तर कन्नडमधून आलं तरी चालेल. कन्नड शाळेच्या बाई आमच्या शेजारीच राहतात, त्या वाचून दाखवतील. इचलकरंजीच्या त्याच गाडीनं त्याही बाजाराला येतात.

पत्राच्या प्रती बेळगाव आणि कोल्हापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना देत आहोत. खाली गावातल्या भाजीवाल्या, मागावर जाणाऱ्या बाया, कॉलेजची मुलं आणि डायलिसिसवाल्या काकांच्या घरच्यांच्या सह्या आहेत. ज्यांना सही येत नाही त्यांचे अंगठे आहेत. उत्तर १ नोव्हेंबरच्या आत मिळावं ही विनंती, कारण दरवर्षी त्या तारखेच्या आसपास आमच्या गाड्यांची शाश्वती संपते, आणि तेव्हा नेमकी हिवाळी पालेभाजी काढणीला आलेली असते.

कळावे,
आपली,
दूधगंगाकाठची एक भाजी विकणारी शेतकरीण,
तालुका निपाणी, जिल्हा बेळगाव